मालिशीचे मोल : बलुत्यापासून ॲपपर्यंत

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या दुसऱ्या अंकात दहा सुवर्णांच्या द्यूतऋणापायी पळत सुटलेला आणि वसंतसेनेच्या घरी आश्रयाला आलेला जो संवाहक आपल्याला भेटतो, तो आपली हकीकत सांगताना म्हणतो की, अंगमर्दन आपण कला म्हणून शिकलो, परंतु पुढे तीच उपजीविका होऊन बसली. चारुदत्ताच्या पदरी तो चाकर होता; धन्याचे वैभव गेले, तशी चाकराची वृत्ती गेली आणि तो जुगाराकडे वळला. मालिशीच्या मोबदल्याचा विचार करू लागलो की मला प्रथम हाच माणूस आठवतो. कारण ज्याच्या अंगाला तेल लावायचे त्याच्याच सुदैव-दुर्दैवाशी आपली भाकरी बांधलेली असणे, ही या धंद्याची व्यथा तेव्हापासून चालत आलेली आहे.

आपल्या गावगाड्यात हे काम बव्हंशी न्हाव्याकडे असे. हजामत ही त्याची प्रधान सेवा. तिच्याबरोबर डोके रगडणे, थकल्याभागल्याचे अंग चेपणे हेही त्याच्याच वाट्याला येई, आणि सुगीला खळ्यावर जे बलुते त्याच्या पदरात पडे त्यात मालिशीचा पृथक् हिशेब नसे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुत्याच्या या पद्धतीचे जे सविस्तर विवेचन आहे, ते वाचताना एक गोष्ट ध्यानात येते : बलुतेदाराला हक्क होता, पण दर नव्हता. दुष्काळ पडला की हक्कही कागदावरच राही.

तथापि मला विशेष सांगायचे आहे ते बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईविषयी. कारण महाराष्ट्रातील शहरी घरांत स्वतंत्रपणे मालिशीचा व्यवसाय करणारी, कोणा एका धन्याची चाकर नसलेली व्यक्ती आजवर प्रामुख्याने तीच आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरी येणारी बाई सकाळी बंब तापायच्या आत दारात हजर असे. तेल कोमट करून आधी आईची पाठ, कंबर, पोटऱ्या ती रगडी, मग पाय लांब करून बाळाला पायांवर घेई, हळद-पिठाने चोळी, कढत पाण्याने न्हाऊ घाली, शेगडीवर ओवा टाकून धुरी देई आणि दुपट्यात घट्ट बांधून ते मूल आजीच्या मांडीवर ठेवी. एवढे होईपर्यंत तास-सव्वा तास सहज जाई. तिला आमच्या घरातले सगळे ‘मावशी’ म्हणत. पण तिचे किती ठरले आहे, हा प्रश्न मोठ्यांपैकीही कोणी मोकळेपणाने उच्चारीत नसे.

त्या काळी रोख रक्कम थोडी आणि मान मोठा, असा प्रघात होता. रोजचा चहा, सणाला शिधा, बारशाला खण-नारळ आणि लुगडे, शेवटच्या दिवशी ओटी. या देण्यात जिव्हाळा होता, हे मी नाकारीत नाही. परंतु मुलगा झाल्यास लुगडे जरीकाठी आणि मुलगी झाल्यास साधे, असा भेद अनेक घरांत बिनदिक्कत पाळला जाई, तेव्हा तो मान तिच्या श्रमाचा नसून यजमानाच्या आनंदाचा होता, हे उघड होते. तिच्या मनगटांना दोन्ही घरी सारखीच कळ लागे.

पुढे सव्वा महिन्याची उक्ती बोली रूढ झाली. बाळाचे निराळे, आईचे निराळे, दोघांचे मिळून थोडे कमी. हा मोठाच पालट म्हटला पाहिजे, कारण मालिशीला प्रथमच स्वतःचा आकडा लाभला. मात्र त्याबरोबर ‘खाडा’ हा शब्दही आला. बाई आजारी पडली की खाडा. आणि बाळंतीण चार दिवस आत्याकडे राहायला गेली तरीही, पुष्कळ घरांत, खाडाच! समजा, तिची सकाळची चार घरे आहेत आणि प्रत्येकी एक तास काम आहे. एका घरून दुसऱ्या घरी जाण्यात दोन तास मोडतात. सहा तासांपैकी चार तासांचे पैसे मिळतात, आणि त्यातले एक घर न कळवता बंद राहिले की तीनच तासांचे. चालण्याची, वाट पाहण्याची आणि फुकट गेलेल्या फेरीची किंमत कोणत्याही बोलीत कधी धरलीच गेली नाही.

मुंबईच्या चौपाटीवर तेलाच्या बाटल्या किणकिणवीत हिंडणाऱ्या मालिशवाल्यांची कथा निराळी. १९५७ च्या ‘प्यासा’तल्या जॉनी वॉकरच्या चंपीवाल्याने त्या धंद्याला देशभर ओळख दिली, पण गिऱ्हाइकागणिक घासाघीस आणि पावसाळ्यात ओस पडणारी वाळू हेच त्यांचे अर्थकारण राहिले.

गेल्या दशकात ॲप आले. २०१४ साली सुरू झालेली अर्बनक्लॅप, जी २०२० पासून अर्बन कंपनी म्हणवते, तिच्यासारख्या कंपन्यांनी दरपत्रक पडद्यावर आणले. गिऱ्हाईक आधीच किंमत पाहून बोलावू लागले आणि घासाघीस संपली. पण ती किंमत आता बाईही ठरवीत नाही आणि यजमानही नाही; कंपनी ठरवते, आणि त्यातून आपली दस्तुरी कापून घेते. २०२१ च्या ऑक्टोबरात गुरुग्राममध्ये या कंपनीसाठी घरोघर सौंदर्यसेवा देणाऱ्या स्त्रिया रस्त्यावर बसल्या, त्या प्रामुख्याने या दस्तुरीच्या आणि घटत्या कमाईच्या प्रश्नावर.

कायद्याची चाल मंद आहे. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा अधिनियम केला. मंडळ साहाय्य देते, दर ठरवीत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची. तिचा अंमल २०२५ च्या नोव्हेंबरात सुरू झाला, आणि ॲपच्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान द्यावे, असे तीत आहे. आमच्या मावशीसारख्या, घरोघर स्वतःच्या पायांनी जाणाऱ्या बाईसाठी मात्र असे अंशदान देणारी कंपनीच नाही. तिच्यापुढे फक्त आपले घर आहे.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या घरी पाळणा हलणार असेल, तर बाईला तिचा दर तिलाच आधी सांगू द्यावा, जाण्यायेण्याचे भाडे वेगळे धरावे, आणि आपल्या सोयीसाठी चुकलेल्या दिवसाचे पैसे कापू नयेत. साडी द्यायची असेल तर ती त्यावर द्यावी, त्याऐवजी नव्हे.