एमसीबी तारेला वाचवतो. माणसाला कोण वाचवणार?

पावसाळ्यातली सकाळ. फॅब्रिकेशनच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये बावीस-तेवीस वर्षांचा तरुण ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून ड्रिल मशीन सुरू करतो. मशीन जुने, लोखंडी बॉडीचे. प्लग कधीच तुटलेला, म्हणून दोन उघड्या तारा काडेपेटीच्या काड्या खोचून सॉकेटमध्ये बसवलेल्या. तिसरी, हिरवी तार कापूनच टाकलेली. तो ओरडतो, पण हातातले मशीन सुटत नाही. सहकारी मेन स्विच बंद करतात तोवर तो कोसळलेला असतो.

सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागाला अशी घटना नवी नाही. सोबत आलेल्या मालकाचे वाक्यही ठरलेले असते, ‘डॉक्टर, एमसीबी तर बसवला होता हो!’

मालक खोटे बोलत नसतो. एमसीबी बसवलेला असतो आणि तो चांगलाही असतो. मात्र त्याचे काम तारा जास्त तापू न देणे, शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा तोडणे हे आहे. सोळा अँपिअरच्या एमसीबीला सोळा अँपिअरपेक्षा बराच जास्त प्रवाह वाहू लागल्याशिवाय काही जाणवत नाही. माणूस मरायला इतकी वीज लागतच नाही.

शरीरातून जाणारा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, म्हणजे अँपिअरच्या हजाराव्या भागात मोजतात. एक मिलिअँपिअरला मुंग्या आल्यासारखे वाटते. १० ते १५ मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आवळले जातात. मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असल्यामुळे धरलेली वस्तू सुटत नाही. ‘विजेने धरून ठेवले’ असे लोक म्हणतात ते हेच. प्रवाह आणखी वाढला, की छातीचे स्नायू आखडून श्वास अडतो. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून एखादा सेकंद गेला, तरी हृदयाची लय बिघडू शकते. मग हृदय नुसते थरथरत राहते आणि मेंदूकडे जाणारे रक्त थांबते.

कोरडी त्वचा विजेला बराच विरोध करते. घामाने किंवा पाण्याने भिजली, की शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० व्होल्टला हजाराने भागले, की उत्तर येते २३० मिलिअँपिअर. हा प्रवाह जीव घ्यायला पुरेसा आहे. पण सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या क्षमतेचा तो जेमतेम सत्तरावा भाग आहे. म्हणून माणूस चिकटलेला असतो आणि एमसीबी जागचा हलत नाही.

माणसाला वाचवणाऱ्या गोष्टी दोन. पहिली अर्थिंग. थ्री-पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते ती याचसाठी. ती सॉकेटला सर्वांत आधी टेकते आणि यंत्राची धातूची बॉडी जमिनीशी जोडते. बॉडीत वीज उतरलीच, तर तिला जमिनीकडे जायला सोपी वाट मिळते. मात्र अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे कोणी पाहिला नाही, तर हा आधार नावापुरताच राहतो. समजा, अर्थिंगचा विरोध ५० ओहम झाला, तर बिघाडाच्या वेळी त्यातून साडेचार अँपिअरच्या आसपासच प्रवाह जाईल. एमसीबी पडणार नाही आणि बॉडी ‘जिवंत’ राहील.

दुसरी गोष्ट आरसीसीबी. हे उपकरण फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहते. तफावत आली याचा अर्थ वीज दुसऱ्याच वाटेने, कदाचित माणसाच्या शरीरातून, जमिनीत चालली आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी अशा वेळी सेकंदाच्या एक तृतीयांश भागाच्या आत पुरवठा तोडतो. झटका बसतो, पण हात सुटतो आणि हृदय बहुधा वाचते. हात आवळण्याच्या या मर्यादेवर कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले आणि १९६१ मध्ये याच तत्त्वावरचे संरक्षक उपकरण तयार केले. आरसीसीबीलाही मर्यादा आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आली, तर त्याला फरक कळत नाही. शिवाय तारेवरचा जादा भार तो ओळखत नाही. त्यामुळे एमसीबीही हवाच.

अपघात झालाच, तर चिकटलेल्या माणसाला थेट हात लावू नये. आधी मेन स्विच बंद करावा. ते जमत नसेल आणि वीज घरगुती दाबाची असेल, तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने त्याला दूर करावे. उच्चदाबाच्या तारेजवळ मात्र पुरवठा बंद झाल्याशिवाय फिरकू नये. माणूस शुद्धीवर नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करून लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. वाळूत किंवा मातीत पुरल्याने अंगातली वीज उतरते हा समज चुकीचा आहे. वीज अंगात साठून राहत नाही. पुरण्यात जातात ती मिनिटे मात्र मेंदूच्या वाट्याची असतात.

झटका बसून माणूस चालता-बोलता असला, तरी डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्यावा. उच्चदाबाच्या विजेने वरून छोटीशी जखम दिसते आणि आत स्नायू भाजलेले असतात. लघवी काळपट होऊ लागली, तर मूत्रपिंडे धोक्यात आहेत असे समजावे.

अर्थिंग, गळती-संरक्षण आणि परवानाधारकाकडूनच वायरिंग हे विषय केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत आहेत. २०२३ मध्ये हे नियम नव्याने लागू झाले. विजेच्या अपघातात कोणी दगावले किंवा जखमी झाले, तर विद्युत निरीक्षकांना कळवणे २००३ च्या विद्युत कायद्यानुसार बंधनकारक आहे. तरीही हे सारे आठवते ते बहुतेकदा पंचनाम्याच्या वेळी.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेले एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका पडला, तर उपकरण जागे आहे. पडला नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. आणि कामाच्या ठिकाणी असे बटणच सापडले नाही, तर तिथले पुढचे ओले यंत्र कोणाच्या हातात असेल, याचा विचार मालकाने आजच करावा.