गाडी दहाची, घड्याळात नऊ एकवीस

मुंबईहून दहाला सुटणारी कर्जतची गाडी शहरातल्या घड्याळात ९ वाजून २१ मिनिटांनीच सुटे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, रेल्वेने ती पाळली. पण मुंबईत जुनी स्थानिक वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली.

हा ३९ मिनिटांचा फरक कुठून आला? पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२.५ अंशांवर, मुंबई सुमारे ७२.८ वर. फरक ९.७ अंश, गुणिले ४, म्हणजे जवळपास ३९ मिनिटं. सूर्य पूर्वेला आधी उगवतो, म्हणून पूर्वेची वेळ पुढे. कर्जतचा सूर्यही मुंबईपेक्षा सुमारे २ मिनिटं पुढेच!

आज नेपाळ आपल्यापुढे १५ मिनिटं आहे. पूर्वेची वेळ काढताना मिळवा, पश्चिमेची काढताना वजा करा. आणि भेट ठरवताना वेळ कुठल्या गावची, तेही लिहा.