हात मागे जात नाही
(अंगदुखीचा माग : लेखांक ६)

मागच्या आठवड्यात गुडघ्याचं दुखणं पाहिलं. आज खांदा आणि हात. हा लेखांक मी तीनदा पुढे ढकलला, कारण यातली रुग्ण मी स्वतः आहे आणि त्या दीड-दोन वर्षांकडे परत जायचं मनात नव्हतं.

मला दुखणं पहिल्यांदा कळलं ते फळ्यापाशी. तेव्हा जळगाव जामोदला शाळेत शिकवत होते, वय ५२. वरच्या कोपऱ्यात दिनांक लिहायला हात उचलला आणि खांद्यातून अशी कळ गेली की खडू सुटून पडला. त्या दिवसापासून मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहू लागले. महिनाभराने पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “बाई, तुम्ही वर काऊन नाई लिहीत?” तोवर अंबाडा घालणं बंद झालं होतं, पाठीमागचा हूक लावायला मुलीला हाक मारावी लागत होती आणि रात्री उजव्या कुशीवर वळलं की हमखास जाग यायची. एसटीत मी डाव्या हाताने दांडा धरून उभी राहायचे. नांदुऱ्याला जाताना गाडीने धक्का दिला आणि तोल सावरायला उजवा हात आपसूक वर गेला, की येरळीचा पूल मागे पडेपर्यंत डोळ्यांतलं पाणी थांबायचं नाही.

सगळे जे करतात तेच मी केलं. मोहाच्या तेलाने चोळून घेतलं, वाळूची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं, औषधाच्या दुकानातून दोन-दोन गोळ्या आणल्या. मग एका ठिकाणी मानेचा एक्स-रे निघाला आणि उत्तर मिळालं: मणक्यात गॅप आहे. गळ्याला पट्टा आला. तीन महिने तो बांधून मी शाळेत गेले. मान सुरेख सरळ राहिली. खांदा मात्र त्या तीन महिन्यांत आणखी आखडला.

या ‘गॅप’बद्दल जरा बोलायला हवं. आपल्याकडे हा शब्द घराघरांत पोचला आहे आणि त्याने बऱ्याच जणांचा शोध मधेच थांबवला आहे. गॅप म्हटलं की मणके एकमेकांपासून लांब सरकले असं वाटतं. होतं नेमकं उलट. दोन मणक्यांमधली गादी वयानुसार पातळ होते, अंतर कमी होतं आणि कडेला हाडाची बारीक टोकं वाढतात. पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढला तर हे बहुधा दिसतंच, मान कधीच न दुखलेल्या माणसाचाही. केस पिकावेत तसं ते आहे. म्हणून एक्स-रेत काही दिसलं एवढ्यावरून तेच दुखण्याचं कारण ठरत नाही. खांद्याच्या एमआरआयचंही तसंच. साठीपुढच्या अनेकांच्या खांद्यातली स्नायूबंधनं थोडीफार फाटलेली सापडतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. दुखणाऱ्या हाताला काय करता येत नाही हे आधी पाहायचं आणि चित्र त्याच्याशी जुळतं का ते नंतर. हा क्रम उलटला की निदान हुकतं. माझं तसंच हुकलं.

ते सापडलं खामगावला, एका तरुण डॉक्टरीणबाईंपाशी. त्यांनी ‘कुठे दुखतं’ हे एकदाच विचारलं. पुढचे सगळे प्रश्न ‘काय जमत नाही’ याचे होते. वेणी घालता येते का? कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा? पाठीला साबण? मग त्यांनी मला दोन्ही कोपरं बरगडीला टेकवून काटकोनात वाकवायला सांगितली आणि दरवाजा उघडावा तसे पंजे बाहेरच्या बाजूला न्यायला लावले. डावा पंजा सहज गेला. उजवा पोटासमोरून जेमतेम हलला. मग मला हात सैल सोडायला सांगून त्यांनी स्वतः तो वळवून पाहिला. तरीही तो तिथेच अडला.

या शेवटच्या परीक्षेला दोन मिनिटं लागली आणि आठ महिन्यांचं कोडं सुटलं. स्नायू किंवा त्याचं बंधन दुखावलेलं असेल तर रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने आधार देऊन उचलला तर तो बराचसा वर जातो. माझा हात दुसऱ्याच्याही जोराने जात नव्हता. म्हणजे सांधाच बंद झाला होता. त्यांनी खांद्याचा एक साधा एक्स-रे काढून झीज नाही आणि सांधा निखळलेला नाही याची खात्री केली आणि नाव सांगितलं: फ्रोजन शोल्डर, गोठलेला खांदा. लगेच दुसरी चिठ्ठी लिहिली, रक्तातल्या साखरेची. साखर वाढलेली निघाली. मला मधुमेह आहे हे मला माझ्या खांद्याने सांगितलं.

खांद्याचा सांधा शरीरात सगळ्यात मोकळा. हाडाचा गोळा मोठा आणि तो ज्या खोबणीत फिरतो ती बशीसारखी उथळ, म्हणूनच हात चहूकडे फिरतो. या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते. सदरा शिवताना शिंपी बगलेत जादा कापड ठेवतो, तशी या पिशवीला खालच्या बाजूला सैल चुणी असते. हात वर गेला की ती उलगडते. गोठलेल्या खांद्यात ही पिशवी आधी सुजते, मग जाड होते आणि आक्रसते. निरोगी सांध्यात साधारण २० ते ३० मिलिलिटर द्रव मावतो, गोठलेल्यात कधीकधी १० मिलिलिटरही मावत नाही. चुणीच उरली नाही तर हात वर जाणार कसा?

‘फ्रोजन शोल्डर’ हे नाव बॉस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली रूढ केलं. पण हे दुखणं आपल्या ग्रंथांना फार आधीपासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, पहिल्याच अध्यायात, खांद्याची बंधनं सुकवून हात आखडवणाऱ्या वातव्याधीला ‘अवबाहुक’ म्हटलं आहे. तिथेच ‘विश्वाची’ नावाचा वेगळा व्याधी आहे, हाताच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या कंडरांचा, ज्यात हाताची हालचाल जाते. दोन्हींचं मूळ वातच सांगितलं आहे, तरी नावं दोन, कारण लक्षणं दोन. आज मात्र आपण सरसकट ‘वात आहे’ म्हणतो आणि विषय संपवतो.

लक्षणं वेगळी करायला रुग्णाचं सांगणं फार उपयोगी पडतं. दुखणं मानेतून निघत असेल तर ते बहुधा कोपराच्या खाली उतरतं आणि बोटांना मुंग्या येतात. अंगठा आणि तर्जनी असेल तर मानेची सहावी नस, मधलं बोट असेल तर सातवी, करंगळी असेल तर आठवी, असा साधारण हिशेब असतो. अशा माणसाला दुखरा हात डोक्यावर ठेवून झोपलं की बरं वाटतं, कारण नसेवरचा ताण सैल होतो. गोठलेल्या खांद्याच्या माणसाला हात डोक्यावर नेताच येत नाही. रात्री मुंग्यांनी जाग येऊन हात झटकला की बरं वाटत असेल, तर नस बहुधा मनगटात दबलेली असते, कळ खांद्यापर्यंत चढत असली तरी. आणि हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यातच कळ येऊन पुढे पुन्हा कमी होत असेल, तर खांद्याभोवतीच्या चार स्नायूंपैकी एखाद्याचं बंधन वरच्या हाडाखाली घासलं जात असतं.

हे शेवटचं दुखणं आपल्या शिवारात जागोजागी भेटतं. पाठीवरच्या फवारणी पंपात १६ लिटर पाणी, म्हणजे नुसतं पाणीच १६ किलो. पट्टे दोन्ही खांद्यांवर, एक हात दांडी मारतो, दुसरा नळी धरून पुढे. दसऱ्यानंतर वेचणी लागते. मजुरी किलोवर, म्हणून हात थांबत नाही. कंबरेच्या ओटीत कापूस वाढत जातो आणि संध्याकाळी गाठोडं डोक्यावर चढवायला हात वर करावाच लागतो. “हात वर होतच नाई बाई, पन हंगाम सोडून कुठं जाऊ?” हे मी कितीदा ऐकलं आहे. कार्तिकात सुरू झालेलं दुखणं डॉक्टरकडे पोचतं चैत्रात. मधले पाच महिने गोळ्यांवर निघतात.

त्या गोळ्यांची मला खरी भीती वाटते. आपला तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्याला, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्याला, लागून आहे, खालची काही गावं तर त्यातच येतात. किडनीच्या आजाराची किती घरं या आणि संग्रामपूर तालुक्यात आहेत हे इथल्या वाचकाला सांगायला नको. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. चार-पाच दिवस, डॉक्टरच्या सांगण्यावरून घेतल्या तर धडधाकट माणसाचं सहसा बिघडत नाही. पण दुबळी किडनी, भर उन्हात घामाने सुकलेलं शरीर आणि महिनोन्महिने चालणारी गोळी एकत्र आली तर किडनी कायमची जाऊ शकते. गिधाडं आठवा. जनावरांना दिलेलं हेच औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांच्या किडन्या बंद पडल्या आणि देशातली बहुतेक गिधाडं संपली. शेवटी २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसांसाठी ते आजही मिळतं, आणि दुकानात चिठ्ठी कुणी मागत नाही. काही पुड्यांत स्टिरॉइडही असतं. त्याने दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं आणि साखर आत चढत राहते.

साखरेचा आणि खांद्याचा संबंध तर अगदी जवळचा. एरवी शंभरात २ ते ५ जणांचा खांदा कधीतरी गोठतो, मधुमेहींमध्ये १० ते २० जणांचा. साखर जास्त राहिली की पिशवीतले तंतू एकमेकांना चिकटून ताठर होतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं. थायरॉइडच्या रुग्णांतही हे प्रमाण वाढलेलं असतं. म्हणून चाळिशी ते साठीतल्या माणसाचा खांदा मार न लागता आखडला तर साखर तपासलीच पाहिजे. तिशीपुढच्या प्रत्येकाची ही तपासणी उपकेंद्रातसुद्धा होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार विनामूल्य आहेत. मोठी तपासणी खरोखर लागलीच तर अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

काही वेळा मात्र खांदा दुखतो आणि दोष खांद्यात नसतोच. चालताना किंवा जिना चढताना डावा हात, जबडा, छाती भरून येत असेल, घाम फुटत असेल, तर ते हृदय. तिथे तेल चोळत बसू नये, १०८ ला फोन करावा. मधुमेहींना आणि बायकांना छातीत न दुखताही असं होतं. तेलकट जेवणानंतर उजव्या खांद्याच्या पात्यापाशी ठणकत असेल तर पित्ताशयाचे खडे असू शकतात. पोटाच्या पडद्याची नस मानेतूनच निघते, म्हणून पोटातली कळ खांद्यात उमटते. विडी ओढणाऱ्या माणसाचा खांदा दुखत करंगळीपर्यंत कळ जात असेल, वजन उतरत असेल, एक पापणी खाली ओघळली असेल, तर छातीचा एक्स-रे त्याच आठवड्यात. ताप, सूज आणि सुकत चाललेला दंड दिसला तर आपल्या देशात क्षयाचा विचार करावाच लागतो.

उपचाराचं सांगायचं तर घाई कामाची नाही. २००४च्या ऑगस्टमध्ये सचिन तेंडुलकरचा डावा कोपर दुखावला आणि ‘टेनिस एल्बो’ हा शब्द आपल्या घरी आला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्या हुकवून तो नागपूरला खेळला, तरी दुखणं पुरतं गेलं नाही आणि २००५च्या मे महिन्यात लंडनला शस्त्रक्रिया झाली. ज्याच्या दिमतीला हवे ते डॉक्टर होते, त्याच्याही कंडरेने वेळ घेतलाच. गोठलेला खांदा तर वर्ष ते तीन वर्षं घेतो: आधी ठणका, मग ठणका कमी होऊन नुसतं आखडणं, मग हळूहळू सुटणं. २०२० मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. ३५ रुग्णालयांतल्या ५०३ रुग्णांना तीन गटांत वाटलं होतं. एका गटाला सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि फिजिओथेरपी, दुसऱ्याला भूल देऊन सांधा मोकळा करणं, तिसऱ्याला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. वर्षानंतर तिन्ही गट जवळपास सारखेच होते. म्हणून कुणी पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेची तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्यावं.

मला एक इंजेक्शन मिळालं. त्याने आठवडाभर साखर वाढते हे आधी सांगितलं होतं, त्यामुळे घाबरले नाही. मग रोजचे व्यायाम. पुढे वाकून डावा हात टेबलावर टेकायचा आणि उजवा घड्याळाच्या लंबकासारखा सैल सोडायचा. हाही कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो. मग भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढत जायचं आणि पोचलं तिथे पेन्सिलीने खूण करायची. सहन होईल तेवढंच. ठणक्याच्या दिवसांत कुणाकडून हात ओढून घ्यायचा नाही, त्याने सूज वाढते. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी माझ्या खुणांची शिडीच तयार झाली. काही आठवड्यांत एक बोटभर, काही आठवड्यांत काहीच नाही.

पहिली कळ आली त्याला एकोणिसावा महिना लागला होता. सकाळचा पहिला तास, मुली परिपाठाहून आत येत होत्या. मी खडू घेतला, हात उचलला आणि फळ्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात वार आणि दिनांक लिहिला. अक्षर थोडं तिरकं आलं. पहिल्या बाकावर आता दुसरी मुलगी बसत होती, तिला त्यात नवल वाटायचं काहीच कारण नव्हतं. तिने वही उघडली आणि तो दिनांक उतरवून घेतला.