विमा नोकरीचा आणि विमा स्वतःचा

रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर चालतो, असे एके काळी म्हटले जात असे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. खेड, संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांतील असंख्य घरांचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत वा गोदीत असे. बायकामुले व वृद्ध आईवडील गावी राहत. २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया आढळल्या, त्यामागे हेच स्थलांतर आहे. मनीऑर्डरची जागा आता बँकखात्याने घेतली आहे. चाकरमानी मुंबईस असो, लोटे-परशुरामच्या कारखान्यात असो की मिरकरवाड्याच्या नौकेवर खलाशी असो, घराचा संसार मात्र पुष्कळदा आजही एकाच माणसाच्या मिळकतीवर उभा असतो. ती मिळकत अकस्मात थांबली तर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर आयुर्विम्यात आहे.

विम्याची गोष्ट काढली की "कंपनीचा विमा आहे ना," असे उत्तर अनेकदा ऐकू येते. ते खोटे नसते. भविष्य निर्वाह निधीच्या सभासदांसाठी १९७६ पासून कर्मचारी ठेव संलग्न विमा योजना लागू आहे. तिच्यासाठी कामगाराच्या वेतनातून कपात होत नाही; वर्गणी मालक भरतो. सेवेत असताना सभासदाचा मृत्यू झाल्यास कुटुंबास ७ लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते. योजना उत्तम आहे. तथापि तिच्यातील "सेवेत असताना" हे शब्द महत्त्वाचे आहेत. नोकरी सुटली की हे छत्र फार काळ डोक्यावर राहत नाही.

याचा अनुभव कोकणाने मोठी किंमत देऊन घेतला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते आणि त्यांपैकी फार मोठ्या संख्येने कामगार पुन्हा गिरणीत परतू शकले नाहीत. चाळिशी-पंचेचाळिशीत गावी परतलेल्या कामगाराचा पगार तर गेलाच; पगाराबरोबर सेवेशी जोडलेले विमासंरक्षणही गेले. ज्याच्याजवळ तरुणपणी घेतलेले स्वतःचे विमापत्र होते आणि हप्ता भरण्याची कशीबशी सोय होती, त्याचे संरक्षण मात्र गिरणीच्या भोंग्यावर अवलंबून नव्हते. कंत्राटी नोकऱ्यांच्या आजच्या काळात हा भेद अधिकच जाणवावा असा आहे.

स्वतःचा विमा घ्यावयाचा, तर तो लवकर का घ्यावा? भारतीय विमाधारकांच्या २०१२-१४ या काळातील मृत्युमान सारणीनुसार तिसाव्या वर्षी वर्षाला हजारी सुमारे एक मृत्यू होतो. पन्नासाव्या वर्षी हे प्रमाण चाराहून अधिक आणि साठाव्या वर्षी अकराच्या आसपास जाते. हप्ता दरवर्षी या जोखमीप्रमाणे घेतला, तर उतारवयात तो परवडणार नाही. म्हणून संपूर्ण मुदतीसाठी एकच सम हप्ता ठरविण्यात येतो. १७६२ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या इक्विटेबल सोसायटीने ही पद्धत रूढ केली. तरुणपणी जोखमीपेक्षा थोडे अधिक भरले जाते, आणि तेच पुढील वर्षांचा भार उचलते. पंचविशीत ठरलेला हप्ता पंचेचाळिशीतही तोच राहतो.

परंतु हप्त्यापेक्षाही प्रकृतीचे कारण अधिक वजनदार मानावे लागेल. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार जडल्यावर विमा कंपनी जादा हप्ता मागते, प्रसंगी प्रस्तावच नाकारते. विमा केवळ पैशाने मिळत नाही; त्यासाठी निरोगी प्रकृतीही लागते.

लवकर म्हणजे भरमसाट नव्हे. बचतीची जोड असलेल्या विमापत्रास हप्ता मोठा आणि संरक्षण त्या मानाने थोडे असते. दोन-तीन वर्षांत हप्ते थकून ते बंद पडले तर भरलेल्या रकमेचा बराच भाग हातचा जातो. मुदत विम्यात मुदतीअखेर काही परत मिळत नाही, पण अल्प हप्त्यात मोठी रक्कम सुरक्षित होते. एकट्याच्या कमाईवर चालणाऱ्या घराची पहिली गरज तीच आहे. हप्त्याची तारीखही हंगाम पाहून ठरवावी. आंबा बागायतदाराच्या हाती मे महिन्यात पैसा असतो. मच्छीमाराच्या नौका जून-जुलैत बंदीमुळे किनाऱ्यावर ओढलेल्या असतात.

अगदी तुटपुंजी मिळकत असणाऱ्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. १८ ते ५० वर्षे वयाच्या बँक वा टपाल खातेदारास वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे संरक्षण मिळते. मात्र ते दरवर्षी नूतनीकरणावर अवलंबून असते आणि पंचावन्नाव्या वर्षी संपते. गावच्या टपाल कार्यालयातून १९९५ पासून ग्रामीण डाक जीवन विमाही उपलब्ध आहे.

नौकेवर किंवा बागेवर कर्ज असणाऱ्यांनी विवाहित स्त्रियांच्या संपत्तीविषयीचा १८७४ चा कायदा अवश्य समजून घ्यावा. त्याच्या सहाव्या कलमान्वये पत्नी व मुलांच्या हितासाठी घेतलेल्या विमापत्राची रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते. सावकाराची वा बँकेची फसवणूक करण्याच्या हेतूने ते घेतलेले नसेल, तर धनको त्या रकमेस हात लावू शकत नाहीत. तशी नोंद विमा घेतानाच करावी लागते.

प्रस्तावपत्रात आजार, व्यसने व व्यवसाय खरेपणाने लिहावेत. तीन वर्षे पूर्ण झाल्यानंतर विमापत्राच्या वैधतेस कोणत्याही कारणास्तव हरकत घेता येत नाही, हे संरक्षण कायद्याने दिलेले असले तरी पहिल्या तीन वर्षांतील लपवाछपवी कुटुंबाला महागात पडते. विवाहानंतर नामनिर्देशन बदलावे. आईचे नाव तसेच राहून पत्नी बाजूस पडल्याने घरात तंटे होतात.

विमापत्र मुंबईच्या खोलीतील पेटीत आणि कुटुंब गावी, असे होऊ देऊ नये. समुद्रावर जाणाऱ्यांच्या घरी तर हे विशेष महत्त्वाचे आहे. खलाशी बुडाला आणि देह सापडला नाही, तर अन्य पुरावा नसताना कायदा सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यावरच मृत्यू गृहीत धरतो. मृत्यू नेमका बेपत्ता झाल्याच्या दिवशीच झाला, असे त्यावरून आपोआप ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे मधल्या काळात हप्ते थकल्यास विमापत्र बंद पडून दावा अडू शकतो. ते चालू ठेवावयाचे, तर त्याचा क्रमांक, हप्त्याची तारीख आणि कार्यालयाचा पत्ता घरातील स्त्रीला आधीपासून ठाऊक असावा लागतो.