दगड नसलेली माणसं

काळ्या मातीत थडगं टिकत नाही. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगते. दगड कलतो, मातीचा उंचवटा थोड्याच वर्षांत सपाट होतो. बीड जिल्ह्यातल्या वडवणी भागात एका छोट्या ख्रिस्ती दफनभूमीत जुनी नावं लावायला बसलो, तेव्हा पहिली अडचण हीच आली.

दगड वाचायचा तो सकाळी, ऊन तिरपं असताना. मऊ कुंचल्याने धूळ झाडायची. तारेचा ब्रश आणि ॲसिड जवळ आणायचं नाही. ऊन नीट पडत नसेल तर आरशाने बाजूने उजेड टाकायचा, की कोऱ्या वाटणाऱ्या दगडावर अक्षरांच्या कडा उठतात. शिशाची अक्षरं गळली असतील तर ती बसवण्यासाठी पाडलेली बारीक भोकं राहतात. त्यांवरूनही साल जुळवता येतं. चुना मात्र अक्षरं बुजवतो. पण तो नातवंडांनी मायेने दिलेला असतो, खरवडायला हात धजत नाही.

आणि दगड असतो तरी कुणाचा? ओ. एस. क्रॉफ्टन यांनी १९४१ मध्ये निजामाच्या राज्यातल्या थडग्यांवरच्या लेखांची यादी छापली. काम मोलाचं, पण त्यात भेटतात ते बहुतेक छावण्यांतले युरोपीय अधिकारी, त्यांच्या बायका, त्यांची तान्ही मुलं. जालन्याला अशी छावणी होती; अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंट या फौजेचं घोडदळ असे. या छावण्यांच्याच काळात जालन्याजवळ मिशनरी नारायण शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून महार-मांगांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल वसवलं. अशा कुटुंबांना कोरीव दगड कुठून परवडणार? मला शोधायची होती ती ही माणसं.

ती सापडतात चर्चच्या दफन-नोंदवहीत. मृत्यूची तारीख, पुरण्याची तारीख, नाव, वय, धंदा, आजार, खाली पाळकांची सही. वयाच्या रकान्यात महिने आणि दिवस दिसू लागले की पान उलटणं जड जातं. नोंदवही माणूस सांगते, जागा सांगत नाही.

जागा म्हाताऱ्या बायका सांगतात. मी नकाशासाठी टेप घेऊन सरळ निघालो तशी एक आजी ओरडली, “तिथं पाय देऊ नका, भाऊ. तिथं माजी सासू हाय.” खाली नुसतं गवत. मग तिने लिंबापासून पावलं टाकत सासू, दीर, दोन लेकरं अशा जागा दाखवल्या. नोंदवहीतलं नाव आणि आजीचं बोट जुळलं तर नकाशावर शाईने लिहायचं. एकाच बाजूने कळलं तर पेन्सिलीने.

हे काम दसऱ्याच्या आत उरकावं लागतं. पुढे ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, आणि लिंबाखालची जागा दाखवणारी घरंच्या घरं उन्हाळ्यापर्यंत गावात नसतात.