पणजीचे उद्यान आणि थोरल्या घराची मोकळी जागा

पणजीच्या ऐन मध्यवस्तीत, टेकडीवरच्या शुभ्र चर्चच्या पायथ्याशी जे नगरोद्यान आहे, त्याला गार्सिया द ऑर्त या सोळाव्या शतकातील पोर्तुगीज वैद्याचे नाव आहे. उद्यानाच्या मध्यभागी एक स्तंभ आहे. वास्को द गामाच्या आगमनास चारशे वर्षे झाली म्हणून तो १८९८ मध्ये उभारण्यात आला, आणि गोवामुक्तीनंतर त्याच्या माथ्यावर अशोकाचे सिंह आले. दोन राजवटींनी एकाच दगडावर आपापली मुद्रा उमटवली. परंतु ज्याच्या नावाने हे उद्यान ओळखले जाते त्या वैद्याच्या अस्थींचे मृत्यूनंतर याच गोव्यात काय झाले, हे तेथे सायंकाळी विसाव्यास बसणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

गार्सियाचे आईवडील मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ मध्ये राजाज्ञेने स्पेनमधील यहुद्यांना देशत्याग करावा लागला तेव्हा ते पोर्तुगालच्या आश्रयास गेले, आणि पुरती पाच वर्षे लोटतात न लोटतात तोच तेथेही सक्तीचा बाप्तिस्मा त्यांच्या कपाळी आला. अशा कुटुंबांना 'नवख्रिस्ती' म्हणत, आणि ती घरात गुपचूप जुना धर्म पाळतात, हा संशय पिढ्यान्‌पिढ्या त्यांची पाठ सोडत नसे. १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सौझा याचा वैद्य म्हणून गार्सिया हिंदुस्थानात आला आणि येथलाच झाला. या देशातील वनस्पती व औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापून निघाला. पटकीच्या रोगाचे त्यातले वर्णन युरोपीय वैद्याने केलेल्या सुरुवातीच्या वर्णनांपैकी एक मानले जाते.

आपल्या मुलखाला हा मनुष्य परका नव्हता. मुंबईचे बेट १५५४ च्या सुमारास त्याला खंडाने मिळाले होते. आणि अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा असे. त्या शहाला औषधोपचार करावेत, त्याच्या पदरी असलेल्या हकिमांशी चर्चा करावी आणि ऐकलेले सारे टिपून ठेवावे, असा त्याचा परिपाठ होता. त्याच निजामशाहीचा दौलताबाद अंबडहून एका दिवसात जाऊन येण्याजोगा आहे, तेव्हा गोदातीरीच्या वाचकाने ही हकिकत दूरदेशीची समजू नये.

१५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टतेचा तपास करून शिक्षा फर्मावणारे न्यायासन, स्थापन झाले. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलसमोरच्या ज्या वाड्यात त्याची कचेरी व अंधारकोठड्या होत्या, त्याला लोक 'थोरलें घर' म्हणत. पुढील काळात त्या घराच्या कोठड्यांत मुख्यत्वे येथलेच बाटलेले हिंदू खितपत पडले. पण आरंभी त्याची नजर होती ती यहुदी वंशाच्या नवख्रिस्त्यांवर. १५६८ मध्ये गार्सिया वारला, आणि राज्यपालांच्या स्नेहाने त्याला जे संरक्षण लाभले होते ते त्याच्याबरोबरच संपले. त्याची बहीण कातारीना हिला धरण्यात आले आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला जिवंत जाळण्यात आले. चौकशीत तिच्या नवऱ्याची जबानी झाली, आणि मोशेचा धर्मच खरा असे गार्सिया मानीत होता, असे तीत नोंदले गेले. मेलेल्या माणसावर खटला चालला, तो दोषी ठरला आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. ज्याने आयुष्यभर इतरांच्या देहाची शुश्रूषा केली, त्याच्या देहाला बारा वर्षांपूर्वी मिळालेली मूठभर मातीसुद्धा राहू दिली नाही!

१८१२ मध्ये ते न्यायासन कायमचे बरखास्त झाले, त्याचे दफ्तर बहुतांशी नष्ट करण्यात आले, आणि थोरल्या घराचा आज एक दगडही जागेवर नाही. अनंत काकबा प्रियोळकरांसारख्या व्यासंगी पंडिताने १९६१ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला नसता, तर आपल्यापैकी पुष्कळांना त्या घराचे नावही ठाऊक झाले नसते.

युरोपातील शहरांनी मात्र उशिरा का होईना, असल्या जागा बोलक्या केल्या. लिस्बनमध्ये १५०६ मध्ये जमावाने सुमारे दोन हजार नवख्रिस्त्यांची कत्तल केली. तिची सुरुवात जेथे झाली त्या साव दोमिंगुशच्या चौकातच २००८ मध्ये स्मारकशिला बसली. बर्लिनच्या हृदयस्थानी नाझींनी मारलेल्या यहुद्यांच्या स्मरणार्थ २,७११ काँक्रीटचे ठोकळे २००५ पासून उभे आहेत. पण मला अधिक भिडतात ते गुंटर डेमनिग या कलावंताने फुटपाथांत बसवलेले, दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचे पितळी दगड. ज्या घरातून माणसाला नाझींनी नेले त्याच्या दारासमोर, येथे अमुक राहत होता, अमुक साली जन्मला, अमुक छावणीत मारला गेला, एवढाच मजकूर त्यावर असतो आणि तो वाचायला माणसाला मान खाली घालावी लागते. अशा दगडांची संख्या २०२३ मध्ये एक लाखावर गेली.

आपल्याकडे हे जमत नाही असे म्हणण्यास मुंबईने जागा ठेवलेली नाही. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये नोव्हेंबर २००८ मध्ये अतिरेक्यांनी रब्बी गाव्रिएल व रिव्का होल्ट्झबर्ग यांच्यासह सहा जणांना ठार केले, आणि त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला त्याची दाई सँड्रा सॅम्युएल हिने बाहेर काढले. त्या इमारतीतील गोळ्यांच्या खुणा जपल्या गेल्या. दहा वर्षांनी गच्चीवर जे स्मारक झाले त्यावर केवळ यहुद्यांची नव्हे, तर त्या हल्ल्यात शहरभर बळी पडलेल्या साऱ्यांची नावे आहेत. आपल्या दुःखाच्या शिळेवर शेजाऱ्याच्या दुःखाला जागा देणारी ही वृत्ती मला फार मोलाची वाटते.

रझाकारांचा जुलूम सोसलेल्या आणि दर १७ सप्टेंबरला मुक्तिदिनाचा झेंडा उभारणाऱ्या मराठवाड्याला छळाची आठवण चव्हाट्यावर का असावी लागते, हे कोणी शिकवायला नको. म्हणून गोवा सरकारला आणि पुरातत्त्व खात्याला माझी विनंती आहे : जुन्या गोव्यात थोरल्या घराच्या मोकळ्या जागी एक साधी शिळा बसवावी, तिच्यावर कोकणी, मराठी व पोर्तुगीज भाषांत कातारीनाचे नाव आणि १५६९ हे साल कोरावे, आणि त्याच शिळेवर तेथे भरडल्या गेलेल्या हिंदूंनाही स्थान द्यावे. पणजीच्या उद्यानात गार्सियाचा वैद्य म्हणून सन्मान झाला आहे; त्याच्या जाळलेल्या हाडांची नोंदही त्याच उद्यानात, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल अशा जागी, झाली पाहिजे.