इंग्रजीशी गट्टी (भाग ७) : हळद लाल झाली, ते इंग्रजीत सांग

शनिवारची सकाळची शाळा, आठवीचा वर्ग. बाकावर एका वाटीत पाण्यात कालवलेली हळद, दुसरीत धुण्याच्या सोड्याचं पाणी, अर्धं लिंबू आणि वहीच्या कोऱ्या पानाच्या कापलेल्या पट्ट्या. तास मात्र इंग्रजीचा. हळदीत बुडवून वाळवलेल्या पट्टीवर सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाकला आणि पिवळ्यावर तांबडा डाग उमटला. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, कुंकू!"

बरोबरच होतं त्याचं. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे त्याला आजीकडून माहीत. वरणाचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावल्यावर डाग आणखी भडक होतो, हेही आईची बोलणी खाऊन माहीत. मी म्हटलं, "आता हेच इंग्रजीत सांग." तो उभा राहिला, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "येलो इज रेड."

वर्ग हसला. मला मात्र ती चूक फार मोलाची वाटली. त्याला 'लाल आहे' म्हणायचं नव्हतं, 'लाल झालं' म्हणायचं होतं. 'आहे' आणि 'झालं' यातला फरक त्याला मराठीत पुरता कळतो. इंग्रजीत 'झालं'साठी त्याच्या हाताशी शब्द नव्हता, म्हणून जो सापडला तो 'इज' त्यानं लावून दिला. मी फळ्यावर फक्त 'टर्न्ड' लिहिलं. "द येलो पेपर टर्न्ड रेड." मग त्यानं त्याच डागावर लिंबू पिळलं, डाग पुन्हा पिवळा पडला आणि कोणी न सांगता तो म्हणाला, "इट टर्न्ड येलो अगेन." तो 'अगेन' त्याचा स्वतःचा. 'टर्न'चे सात अर्थ फळ्यावर लिहून दिले असते, तर त्यातला एकही सोमवारपर्यंत टिकला नसता.

मागच्या भागात आपण गोष्टींतून इंग्रजी पाहिलं. विज्ञानाची सोय वेगळी आहे. गोष्टीत काय घडलं ते लेखक सांगतो, इथे ते मुलाच्या डोळ्यांदेखत घडतं. सांगण्याजोगं काहीतरी हातात असतं आणि शब्द तेवढा कमी पडत असतो. भाषा शिकवायला याहून चांगली वेळ दुसरी नाही.

ही कल्पना माझी नव्हे. विषय आणि भाषा एकत्र शिकवण्याच्या पद्धतीला युरोपात 'क्लिल' म्हणतात. हे नाव डेव्हिड मार्श यांनी १९९४ मध्ये रूढ केलं. त्याआधी, १९७८ मध्येच, हेन्री विडोसन यांनी लिहून ठेवलं होतं की परभाषा शिकवायची तर शाळेतल्याच इतर विषयांना हात घाला. आपल्या शेजारचं उदाहरण एन. एस. प्रभू यांचं. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी बंगळूर आणि मद्रासकडच्या शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवले आणि मुलांपुढे रेल्वेची वेळापत्रकं, नकाशे, कोडी ठेवली. लक्ष कामात, भाषा ओघात. आमचे हळदीचे प्रयोग त्याच जातकुळीतले. फरक इतकाच की मी व्याकरण अगदीच सोडत नाही. मराठी मुलाला ते आयतं मिळू शकतं आणि आयतं मिळणारं सोडू नये, असं माझं मत आहे.

आयतं कसं, ते बघा. प्रयोगाच्या वहीत इंग्रजीत 'वी' फारसा येत नाही, सगळं 'वॉज' आणि 'वेअर'नं चालतं. मुलं याला घाबरतात, शिक्षक 'पॅसिव्ह व्हॉइस' म्हणून तक्ता काढतात आणि भीती दुप्पट होते. पण आठवीतला मुलगा मराठीत काय लिहितो? पट्टी हळदीत बुडवली. पट्ट्या उन्हात वाळवल्या. द्रावण गाळलं. कोणी, ते लिहितच नाही आणि क्रियापद पट्टीच्या मागे जातं, पट्ट्यांच्या मागे जातं, द्रावणाच्या मागे जातं. हा आपला कर्मणी प्रयोग. इंग्रजीचा 'पॅसिव्ह' हुबेहूब हाच नव्हे, व्याकरणाचे जाणकार माझे कान धरतील. पण इथून तिथे जायला पायवाट आहे. बुडवली, म्हणजे 'वॉज डिप्ड'. वाळवल्या, म्हणजे 'वेअर ड्राइड'. एक पट्टी तर 'वॉज', चार पट्ट्या तर 'वेअर'. तक्ता लागत नाही.

तसंच 'की'चं. "बर्फ तापवला की वितळतो." इथे 'तापवला' हे रूप भूतकाळाचं, अर्थ मात्र कायमचा. शब्दाला शब्द ठेवणारी मुलं लिहितात, "आइस हीटेड दॅट मेल्ट्स", कारण 'की' म्हणजे 'दॅट' हे त्यांनी कुठेतरी पाठ केलेलं असतं. बाकीची मुलं 'इफ' आला की 'विल' आणतात, कारण पुस्तकात पावसाचं आणि छत्रीचं वाक्य तसं असतं. बर्फ वितळणं हा अंदाज नाही, नियम आहे. "इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स." दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. बर्फाचा खडा तळहातावर ठेवून हे वाक्य पाच जणांनी पाच वेळा म्हटलं की 'विल' आपोआप गळतो.

आणि शब्द! यांवर तर वेगळा भाग लिहायला हवा. आमच्या गावच्या पोरांना 'सोल्यूशन' म्हणजे पंक्चर काढायची ट्यूब. गणिताच्या पुस्तकात तेच उत्तर, विज्ञानात तेच द्रावण. 'गॅस' म्हणजे एकतर स्वयंपाकघरातला, नाहीतर आजोबांना होणारा. 'सेल' म्हणजे बॅटरीतला, पेशीतला आणि कानाला तसाच ऐकू येणारा साड्यांचासुद्धा. 'कंडक्टर'ची गंमत तर मराठीनंही जपली आहे: एसटीत त्याच्या जागेजवळ 'वाहक' लिहिलेलं असतं आणि पुस्तकात तांबं विजेचं 'सुवाहक'. एका मुलीनं वहीत लिहिलं होतं की तांबं कंडक्टर आहे पण तिकीट फाडत नाही. मी पूर्ण गुण दिले.

आता कडू भाग. हे वाचून कोणी म्हणेल, आमच्याकडे सेमी इंग्रजी आहेच की, गणित आणि विज्ञान इंग्रजीतूनच. ते हे नव्हे. एका शाळेत मी नववीचा विज्ञानाचा तास पाहिला. बाईंनी प्रकाशसंश्लेषण मराठीत सुरेख समजावलं आणि मग पाच ओळींचं उत्तर इंग्रजीत सांगून लिहून घेतलं. मुलांनी ते पाठ करायचं. मधल्या सुटीत एका मुलीला विचारलं, उत्तरात 'इन द प्रेझेन्स ऑफ सनलाइट' आहे, 'प्रेझेन्स' म्हणजे काय? ती गप्प. मग चाचरत म्हणाली, "प्रेझेंटीसारखं काही असतं का?" तेच तर असतं! ऊन हजर असेल तरच पान अन्न तयार करतं. रोज सकाळी ती 'प्रेझेंट, मॅडम' म्हणते. तो शब्द आणि हा शब्द एकाच घरचे आहेत, एवढं तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्यात बाईंचा दोष काढवत नाही. अभ्यासक्रम संपवायचा असतो आणि इंग्रजी शिकवणं हे त्यांचं काम, असं त्यांना कोणी कधी म्हटलेलं नसतं.

मलेशियानं हाच घाट देशभर घातला होता. २००३ पासून तिथे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला सुरुवात झाली. २००९ मध्ये सरकारनं माघार जाहीर केली आणि २०१२ पासून विषय पुन्हा मलय भाषेकडे नेले. खेड्यांतली मुलं मागे पडतात, ही तिथली मोठी तक्रार होती. विषय नवा, भाषाही नवी, दोन्ही एकाच पाठीवर.

म्हणून माझा एक हट्ट असतो. इंग्रजीच्या तासाला घ्यायचं विज्ञान मुलांना मराठीतून आधीच आलेलं हवं. आठवीला मी आठवीचा धडा घेत नाही. आधीच्या इयत्तांतलं आम्ल-आम्लारी घेतो, बाष्पीभवन घेतो. हळद लाल का होते, हे त्यांना ठाऊक असतं, ते कसं सांगायचं एवढंच बाकी असतं. इंग्रजीचे शिक्षक म्हणतात, "आम्हाला रसायनशास्त्र येत नाही हो." सहावी-सातवीचं येतं की नाही? अडलंच तर मुलांना विचारा. सरांना शिकवायची संधी कोणी सोडत नाही आणि शिकवायचं तर त्यांना इंग्रजीत बोलावंच लागतं.

पुढच्या आठवड्यात मेणबत्ती. मायकेल फॅरेडे यांनी १८६० च्या नाताळच्या सुटीत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं सुरू केली होती. आपण एकाच तासाचं बघू. तोवर घरी एक मेणबत्ती लावा, तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घाला आणि ज्योत विझेपर्यंत जे जे दिसेल ते इंग्रजीत लिहून काढा. दहा वाक्यं पुरेत. जिथे शब्द अडेल तिथे मराठी शब्द तसाच ठेवा, खोडू नका. मला ते अडलेले शब्दच हवे आहेत.